लाल खड्याचे जुने पेंडंट आणि चार दावे: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका लाल खड्याच्या पेंडंटचे आहे. ते विकत घेऊ पाहणाऱ्या बाईंनी व्यवहार पक्का करण्यापूर्वी ते तपासणीसाठी माझ्याकडे आणले. सोबत विक्रेत्याने लिहून दिलेले वर्णन होते: व्हिक्टोरियन काळातील अस्सल माणिक, भोवती नैसर्गिक मोती, १५ कॅरेट सोने आणि शेवटी ‘पर्यावरणाला कोणतीही हानी न करणारा, संपूर्ण नैतिक दागिना’. नव्याने खणून काढलेले सोने किंवा खडा विकत घ्यायचा नाही, असे बाईंनी काही वर्षांपूर्वीच ठरवले होते. त्यामुळे वर्णनातल्या पहिल्या तीन गोष्टींपेक्षा चौथीची त्यांना अधिक काळजी होती. अडचण अशी, की चौथ्या दाव्याचा सगळा भार पहिल्या तिघांवरच होता, कारण दागिना खरोखर जुना नसेल तर त्याच्या शाश्वतपणाची भाषा तिथेच संपते. म्हणून मी पर्यावरणाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी वस्तूचे वय व तिच्यात पुढे झालेले बदल तपासायला घेतले.

वस्तू

पेंडंट लंबगोल होते. वरच्या कडीपासून खालच्या लोलकाच्या टोकापर्यंत त्याची लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर भरली आणि एकूण वजन ९.६ ग्रॅम. मध्यभागी पैलू न पाडता घुमटासारखा घोटलेला, जांभळट झाक असलेला गडद लाल खडा होता. भोवती अर्ध्या मोत्यांची एक ओळ होती आणि त्यातले दोन मोती गळून गेलेले होते. खाली एका लहान कडीत पैलूदार लाल खड्याचा लोलक लोंबत होता. पालथे केल्यावर मागे काचेखाली एक उथळ कप्पा दिसे आणि त्यात बारीक वेणीसारखी विणलेली तपकिरी केसांची बट होती. प्रिय माणसाचे केस दागिन्यात जपण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात फार रूढ होती. ते केस हयात माणसाचे की मृताचे, हे सोबत लेख किंवा शोकाची खूण असलेली काळी मीनाकारी नसेल तर कोणालाच सांगता येत नाही.

तपासणीत काय आढळले

कडीच्या आतल्या बाजूला १५ आणि .६२५ असे दोन ठसे होते, म्हणजे २४ भागांत १५ भाग, ६२.५ टक्के सोने. ब्रिटनमध्ये १५ कॅरेटचे प्रमाण १८५४ मध्ये कायद्याने मान्य झाले आणि १९३२ मध्ये १४ कॅरेटसाठी जागा करून देत ते बंद झाले. म्हणजे हा ठसा ७८ वर्षांच्या पट्ट्यात कुठेही बसू शकतो, तर व्हिक्टोरियन काळ १८३७ ते १९०१ असा मोजतात. केवळ ठशावर विसंबून वस्तूला व्हिक्टोरियन म्हणणे त्यामुळे घाईचे ठरले असते. शिवाय ठसा कडीवर होता, आणि कडी हा पेंडंटचा सर्वांत आधी झिजणारा आणि सर्वांत आधी बदलला जाणारा भाग. एखाद्या मोडक्या दागिन्याची ठसा असलेली कडी दुसऱ्याला झाळणे फारसे अवघड नसते. एक्स-रे यंत्रावर कडी आणि मुख्य घडण या दोन्हींचे सोने वेगवेगळे तपासले. दोन्हीकडे ६२ टक्क्यांच्या आसपास सोने निघाले, कडीच्या मुळाशी दुसऱ्या झाळेची खूण नव्हती आणि कडीची एक घासली जाणारी जागा सोडली तर झीजही दोन्हीकडे सारखीच होती. कडी मूळचीच असल्याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

मधल्या खड्याने थोडा वेळ घेतला. घुमटाकार खड्याचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, ठिपक्यावरून वाचावा लागतो आणि तो फारसा नेमका येत नाही. वाचन १.७७ च्या जवळपास आले. माणकाचा अपवर्तनांक १.७६२ ते १.७७० असतो आणि अल्मंडाइन जातीचा तामडाही (गार्नेट) त्याच परिसरात येतो, त्यामुळे या एका आकड्यावर निर्णय शक्य नव्हता. दीर्घतरंगी अतिनील दिव्याखाली खडा निर्जीव राहिला. माणिक बहुधा अशा प्रकाशात लाल उजळते, पण लोहाचे प्रमाण जास्त असलेले काही माणिक मंदच राहतात, म्हणून हीही खूण पुरेशी नव्हती. प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर मात्र ५०५, ५२७ आणि ५७६ नॅनोमीटरच्या आसपास तीन काळे पट्टे स्पष्ट दिसले. ही अल्मंडाइनची ओळख आहे. खडा तामडा होता, माणिक नव्हते.

भिंगाखाली खडा तिरपा धरला तेव्हा त्याच्या पोटात दुसरा, उलटा घुमट दिसला. तामड्याचा रंग मुळात इतका दाट असतो, की जाड खडा कोंदणात बसवला तर तो काळाच दिसतो. म्हणून जुने कारागीर त्याची मागची बाजू वाटीसारखी पोखरून काढत आणि खाली चकाकता पातळ पत्रा घालत, म्हणजे आत शिरलेला प्रकाश लाल होऊन परत येई. ही युक्ती मेणबत्तीच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडासाठी होती. तपासणीच्या टेबलावरच्या पांढऱ्या दिव्याखाली खडा थोडा मलूल वाटत होता. तो दिवा बंद करून एक पिवळा, मंद दिवा बाजूने धरला, तेव्हा मधोमध निखारा पेटल्यासारखा दिसला. आजच्या दुकानात दिसणारी लखलख त्यात नव्हती, आणि जुन्या खड्यांकडे वळणाऱ्या बहुतेकांना नेमका हाच फरक भावतो, असे मला वाटते.

विक्रेत्याने तामड्याला माणिक म्हटले, याला मी लबाडी म्हणणार नाही. लाल खड्यांच्या ओळखीतल्या चुका फार जुन्या आहेत. ब्रिटिश राजमुकुटात बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात लालडी (स्पिनेल) हा वेगळाच खडा आहे. तरीही विक्रीच्या कागदावर ‘अस्सल’ हा शब्द लिहिणाऱ्याने वर्णपटदर्शकाची दोन मिनिटे खर्च करायला हरकत नव्हती.

लोलकाची कथा वेगळी निघाली. अतिनील दिव्याखाली तो भडक लाल उजळला. मोठ्या भिंगाखाली त्यात तबकडीवरच्या चऱ्यांसारख्या वक्र रेषा आणि एक-दोन वायूचे बुडबुडे दिसले. नैसर्गिक माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोन करून जाणाऱ्या असतात. वक्र रेषा ज्वालेत वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेल्या कृत्रिम माणकाच्या असतात, आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हेर्नॉय यांनी ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. लोलकाच्या कडीजवळ राखाडी, मऊ धातूचा एक ओबडधोबड डाग होता, म्हणजे तिथे शिसे आणि कथिल वापरून दुरुस्ती झालेली होती. मूळ लोलक कधीतरी हरवला असावा आणि १९०२ नंतर कोणीतरी कृत्रिम माणकाचा लोलक लावला असावा, एवढा निष्कर्ष काढता आला. प्रयोगशाळेत बनवलेला खडा ही आज नवी, भविष्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तोच शंभरेक वर्षांपूर्वीपासून कुणाकुणाच्या दागिन्यांच्या पेटीत निमूटपणे बसलेला असतो, हे तिथे पुन्हा एकदा जाणवले.

मोत्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९२० च्या दशकात. घडणीची एकूण शैली, केसांचा कप्पा आणि बंद पाठीचे कोंदण पाहता मूळचे अर्धे मोती त्याआधीचे आणि म्हणून नैसर्गिक मानायला हरकत नव्हती.

चौथा दावा

आता मूळ प्रश्न. पहिल्या तीन दाव्यांपैकी सोने खरे निघाले, मोती जवळजवळ निश्चित खरे, वय मुख्य घडणीपुरते खरे, माणिक मात्र खोटे. बाईंना माणिक नसल्याचे दुःख नव्हते. त्यांनी सरळ विचारले, “मग हा दागिना शाश्वत आहे की नाही?”

खडे, मोती आणि काच वजा केल्यास पेंडंटमध्ये सुमारे ६ ग्रॅम सोने होते, म्हणजे शुद्ध सोने साधारण पावणेचार ग्रॅम. आजच्या अनेक उघड्या खाणींत एका टन खनिजात एक-दोन ग्रॅम सोने असते. त्या हिशेबाने एवढेच सोने नव्याने मिळवायला दोन ते चार टन खनिज फोडून दळावे लागेल, आणि त्यावरची माती व खडक बाजूला काढावा लागेल तो वेगळा. लहान प्रमाणावरच्या, हाताने चालणाऱ्या खाणींत सोने वेगळे करण्यासाठी अजूनही पारा वापरतात. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामातून येतो. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ पासून लागू झाला, तरी हे काम थांबलेले नाही. रंगीत खड्यांच्या बाबतीत परिस्थिती अधिक धूसर आहे. हिंसाचाराला पैसा पुरवणारे हिरे रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे, पण तिची कक्षा कच्च्या हिऱ्यांपुरतीच आहे. माणिक, नीलम, पाचू किंवा तामडा यांना ती लागू होत नाही, आणि हे खडे बरेचदा विखुरलेल्या छोट्या खाणींतून अनेक हातांमधून बाजारात पोहोचतात. नव्या रंगीत खड्याचा माग खाणीपर्यंत काढणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य असते. जुन्या खड्याकडे वळण्यामागचे खरे कारण मला इथे दिसते.

पण यातून ‘संपूर्ण नैतिक’ हा शब्द निघत नाही. हे सोने आणि हा तामडा कधीतरी कोणीतरी खणून काढलाच होता, आणि एकोणिसाव्या शतकातल्या खाणी आजच्यापेक्षा सौम्य होत्या असे मानायला काही आधार नाही. कॅलिफोर्नियात १८४८ नंतरच्या सुवर्णलाटेत डोंगर पाण्याच्या झोतांनी फोडून सोने काढले गेले. गाळाने शेती आणि नद्या बुडू लागल्या, तेव्हा १८८४ मध्ये न्यायालयाला तो गाळ नद्यांत सोडण्यावर बंदी घालावी लागली, आणि त्या काळी वापरलेला पारा आजही तिथल्या नद्यांच्या गाळात सापडतो. या पेंडंटचे सोने तिथलेच असे कोणी म्हणू शकत नाही, आणि तिथले नाही असेही कोणी म्हणू शकत नाही. ठसा सोन्याचे प्रमाण सांगतो, खाण सांगत नाही. झालेली हानी जुन्या दागिन्यामुळे पुसली जात नाही. तो घेतल्याने त्यासाठी नवी हानी करावी लागत नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

आणि तेही एका अटीवर. बाईंनी हे पेंडंट एखाद्या नव्या पेंडंटच्या ऐवजी घेतले तर एक नवी घडण टळते. नव्याबरोबर आणखी एक म्हणून घेतले तर काहीच टळत नाही. वस्तू जुनी असणे हा तिचा गुण आहे, पण टळलेली खरेदी हा घेणाऱ्याचा निर्णय असतो. मी हे बोलून दाखवले तेव्हा बाई थोड्या नाराज झाल्या, कारण विक्रेत्याच्या कागदावर ही अट नव्हती. मग त्यांनीच सांगितले, की दोन वर्षांपासून त्या एका पेंडंटच्या शोधात होत्या आणि हे घेतले तर दुसरे घेणार नाहीत.

मोडायचे की दुरुस्त करायचे

विक्रेत्याने एक पर्याय सुचवला होता. पेंडंट मोडीत काढावे, सोने वितळवून त्यातून आधुनिक घडण करावी आणि मधला खडा त्यात बसवावा. ‘पुनर्वापर केलेले सोने’ हे नाव ऐकायला चांगले असल्यामुळे बाईंनाही तो पटत आला होता. माझे मत याविरुद्ध पडले.

दागिन्यातले सोने सहसा कचऱ्यात जात नाही. ते मौल्यवान असल्यामुळे माणूस हजारो वर्षे ते वितळवून पुन्हा वापरत आला आहे, आणि ते वितळवले म्हणून कुठली खाण बंद पडल्याचे दिसत नाही. पेंडंट वितळवून धातू वाचला असता हे खरे, पण धातूला धोका नव्हताच. धोका होता घडणीला, ठशाला, केसांच्या कप्प्याला आणि पोखरलेल्या खड्याखालच्या त्या पत्र्याला, आणि यातले काहीही मुशीतून परत येत नाही. शिवाय पोखरलेला तामडा नव्या उघड्या कोंदणात बसवला असता तर पाठीमागचा पत्रा नसल्यामुळे फिका आणि पोकळ दिसला असता, आणि मग दुसरा खडा शोधायची वेळ आली असती. एका जुन्या दागिन्याच्या जागी एक नवा दागिना आणि एक नवा खडा, असा तो व्यवहार झाला असता.

पेंडंटच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, आणि दागिन्यांच्या प्रकारांत ती फारशी लक्षात घेतली जात नाही. अंगठी दर नव्या बोटासाठी कापून लहान-मोठी करावी लागते, टेबलावर, नळावर, दारावर आपटते, आणि तिच्या खड्याच्या कडा झिजतात. बांगडीचे तसेच. पेंडंटला माप नसते आणि ते छातीवर निवांत लोंबते. झीज मुख्यतः कडीला आणि साखळीच्या फाशाला लागते, आणि हे दोन्ही भाग बदलता येतात. जुनी पेंडंट अंगठ्यांपेक्षा सुस्थितीत सापडतात, आणि पुढच्या माणसाकडे जाताना त्यांच्यात काही फेरफार करावा लागत नाही. दीर्घकाळ वापरात राहणे ही शाश्वतपणाची कसोटी मानली तर हा प्रकार तिच्यावर सर्वांत सहज उतरतो.

दुरुस्तीचा आराखडा असा ठरला. वरची कडी झिजून एका जागी कागदासारखी पातळ झाली होती. ती काढून त्याच कसाच्या सोन्याची नवी कडी लेझरने जोडायची, म्हणजे आच मोत्यांपर्यंत पोहोचणार नाही. शिसे-कथिलाचा जुना डाग आधी हाताने, कोरणीने खरवडून पूर्ण काढायचा. हे काम कंटाळवाणे असते, पण टाळता येत नाही. शिसे उरलेल्या जागी ज्योत लावली की ते सोन्यात खोल शिरते आणि सोन्याला भोके पाडते. ध्वनिलहरींच्या यंत्रात दागिना धुवायचा नाही आणि पाण्यात बुडवायचाही नाही, कारण पाणी कोंदणात शिरले तर खड्याखालचा पत्रा काळा पडतो आणि तो बदलायला खडा उचकटावा लागतो. जेमतेम ओलसर मऊ कुंचला आणि कोरडे कापड, एवढ्यावरच स्वच्छता उरकायची.

गळलेल्या दोन मोत्यांवर चर्चा लांबली. संवर्धित मोती कापून बसवणे सोपे होते, पण मग कागदावर ते नोंदवणे आवश्यक झाले असते. कारागिराकडे आधीच तुटलेल्या एका जुन्या ब्रोचमधले सुटे अर्धे मोती होते, आणि त्यातले दोन मापाचे निघाले. मोती बदलण्यासाठी दुसरा धडधाकट जुना दागिना मोडणे हा या व्यवसायातला एक वाईट प्रकार आहे. ब्रोच आधीपासूनच तुटलेला आहे याची खात्री करून घेतली, तेव्हाच मी होकार दिला.

कृत्रिम माणकाचा लोलक ठेवायचा की नाही, हे बाईंवर सोपवले. तो काढून तिथे तामड्याचा लोलक लावला असता तर दागिना मूळ रूपाच्या अधिक जवळ गेला असता. त्यांनी तो ठेवला. तो आता दागिन्याच्या इतिहासाचाच भाग आहे, असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचे म्हणणे माझ्या मतापेक्षा बरे वाटले.

केसांच्या बटेविषयी त्यांना संकोच होता. अनोळखी माणसाचे केस गळ्यात बाळगायचे, हे कोणालाही विचित्र वाटेल. काच काढून कप्पा रिकामा करणे शक्य होते, पण जुन्या काचेची कड सोन्याच्या पातळ पट्टीने दाबलेली होती आणि ती उघडताना चिरण्याची शक्यता होती. एक आठवडा विचार करून त्यांनी कप्पा तसाच ठेवायचे ठरवले.

नोंद आणि पुढची तपासणी

विक्रेत्याने वर्णन बदलून दिले: तामडा, पोखरलेला, बंद कोंदणात, अर्धे मोती, दोन बदललेले, १५ कॅरेट सोने, मुख्य घडण १८५४ नंतरची, लोलक नंतरचा, कृत्रिम माणिक, कडी नवी. ‘संपूर्ण नैतिक’ हे शब्द त्यातून गेले. त्यांच्या जागी काय लिहायचे, असे विक्रेत्याने विचारले, तेव्हा काहीच लिहू नये असे मी सुचवले, आणि त्याने ते मान्य केले.

बाईंना पेंडंट रोज घालायचे होते. तामड्याची कठिणता मोस मापनावर सात ते साडेसात असल्यामुळे खड्याला त्याचा फारसा त्रास नव्हता, पण मोत्यांची अडीच ते साडेचार, आणि घाम व अत्तर दोन्ही मोत्यांना बाधतात. रोज घालू नये, घालायचे तेव्हा अत्तर लावून झाल्यावर घालावे आणि काढल्यावर कोरड्या कापडाने पुसून ठेवावे, असे लिहून दिले होते.

सहा महिन्यांनी पेंडंट पुन्हा पाहिले. लेझरची जोड पक्की होती आणि कडीवर झीज नव्हती. लोलकाजवळची जागा स्वच्छ होती. वरच्या बाजूचे, मानेजवळ येणारे तीन मोती मात्र किंचित निस्तेज झाले होते, आणि विचारल्यावर बाईंनी हसत कबूल केले की त्यांनी पेंडंट रोजच घातले होते. जुनी झिजलेली कडी त्यांनी कागदाच्या पुडीत घालून बदललेल्या वर्णनाबरोबर जपून ठेवली होती. त्या पुडीवर पेन्सिलने कडी काढल्याची तारीख लिहिलेली होती.